तुलना मांडून बघा

बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक समाजाचे सभासद. चार मुलगे आणि एक मुलगी असा त्यांचा संसार. मुलीला शाळेत पाठवायचे ते दिवस नव्हते, म्हणून मराठी, संस्कृत आणि इंग्रजी त्यांनी तिला घरीच शिकवलं. ती मुलगी म्हणजे ताराबाई शिंदे. तिचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पुस्तकाला निमित्त झालं ते सुरतेच्या एका खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेनं लोकलाजेपायी आपलं नवजात मूल मारलं. तिला फाशी सुनावली गेली आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. मग वर्तमानपत्रांतून एकूण बायकांच्याच चारित्र्यावर लेख पडू लागले. 'पुणेवैभव' त्यात पुढे होतं. बुलडाण्यात बसून हे वाचणाऱ्या ताराबाईंनी उत्तर दिलं ते गयावया करून नव्हे. त्यांनी बायकांवर ठेवलेला एकेक दोष उचलला आणि शेजारी पुरुष उभा केला. बाई कपटी म्हणता? मग पुरुष काय करतो ते बघू. बाई चंचल? पुरुषाचं बघू. बायको मेली की दुसरी करायची मुभा ज्याला आहे, तो विधवेला कोणत्या तोंडानं संयम शिकवतो? भाषा रोखठोक आणि घरातल्या बाईच्या तोंडची. टीका अर्थातच झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांच्या हाती आलं.

आता नोकरीतल्या बढतीचा आणि या पुस्तकाचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध पुस्तकाच्या रीतीशी आहे. कामाच्या ठिकाणचा भेदभाव ओळखायला ताराबाईंच्या तुलनेइतकं साधं आणि धारदार हत्यार मला तरी दुसरं माहीत नाही. तीच गोष्ट बाईनं केली तर काय म्हणतात आणि पुरुषानं केली तर काय म्हणतात, हे दोन रकान्यांत लिहून काढायचं. साहेब ओरडला तर कडक शिस्तीचा, मॅडम ओरडल्या तर घरी काहीतरी बिनसलं असेल. तो पाच वाजता निघाला तर त्याचं काम असेल, ती निघाली तर बायकांचं हे असंच. रकाने भरले की वाद घालायची फारशी गरज उरत नाही.

ताराबाईंची ही रीत पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोगात वापरली. अर्थात त्यांना बुलडाण्याची ही बाई ठाऊक असण्याचं कारण नाही. २०१२ साली अमेरिकेत कोरिन मॉस-रॅकुसिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी विज्ञान शाखांतल्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्या प्रतींवर नाव जॉन, निम्म्यांवर जेनिफर. बाकी अक्षर न् अक्षर सारखं. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही जास्त निघाला, वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर. जेनिफरला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. यातली खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. अर्ज तपासणाऱ्या प्राध्यापिकांनीही जेनिफरला तितकंच कमी लेखलं. म्हणजे हा 'पुरुष वाईट, बाया बिचाऱ्या' असा सोपा मामला नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून एक माप बसलेलं असतं, आणि समोर खरं माप नसलं की ते आपोआप बाहेर येतं.

खरं माप असलं तर काय होतं, हे आपल्याच शेतात दिसतं. बुलडाणा जिल्हा कापसाचा आणि सोयाबीनचा. निंदणीला बाया, डवरणीला आणि फवारणीला माणसं. रोजानं काम असलं की बाईची मजुरी कमी आणि माणसाची जास्त, हे गावानं ठरवून टाकलेलं असतं. कारण विचारलं तर 'माणसाचं काम जड' असं उत्तर मिळतं. दिवसभर वाकून निंदणं हलकं काम आहे, हे कोणी आणि कधी मोजलं? कापूस वेचणीचं मात्र वेगळं. तिथं किलोवर पैसे. संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढलं की ते कोणाच्या डोक्यावरून आलं हे काटा विचारत नाही. रोजगार हमीतही असंच. १९७७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार खोदलेल्या मातीचं माप घेऊन मजुरी ठरायची आणि दर बाईमाणसाला एकच. भाववाढीच्या आणि दुष्काळाच्या काळात राज्यातल्या बाया त्या कामांवर मोठ्या संख्येनं गेल्या, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

तरीही काटा म्हणजे सगळा न्याय नव्हे. वेचणी बहुतेक बायाच करतात, त्यामुळे त्या कामाचा किलोमागचा दरच मुळात कमी राहतो. एखादं काम बायकांचं म्हणून ठरलं की त्याची किंमत उतरते, ही जगभरची रीत आहे.

सरकारनंही तेच केलं. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. गावातल्या लेकरांचं वजन, पोषण आहार, गरोदर बायांच्या नोंदी, शिवाय वर्षभर येणारी सर्वेक्षणं, एवढा भार ज्यांच्यावर आहे त्या सेविका आणि मदतनीस कागदोपत्री मानसेवी, आणि म्हणून त्यांना पगार नाही, मानधन. आशाताईंचंही तसंच, मोबदला कामाच्या हिशेबानं. हीच कामं पुरुषांकडे असती तर ती सेवेच्या नावावर इतकी वर्षं चालली असती का, हे ताराबाईंच्या रकान्यात टाकून बघावं. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तो एकटीच्या हुशारीनं मिळालेला नाही, संघटनेनं आणि चिकाटीनं मिळालेला आहे. आणि या कामांतही वर जायची वाट आहे. मदतनीस सेविका होऊ शकते, सेविकांसाठी पर्यवेक्षिकेच्या काही जागा असतात, आशा गटप्रवर्तक होते. त्या जागांची जाहिरात कधी निघते आणि शैक्षणिक अट काय आहे हे आधीपासून बघून ठेवणाऱ्या बाईचीच तयारी वेळेवर होते. बारावी अर्धवट राहिली असेल तर ती मुक्त विद्यालयातून आणि पदवी राहिली असेल तर ती मुक्त विद्यापीठातून पूर्ण करण्याचा उपयोग इथे होतो.

आता कचेरीत या. पंचायत समिती असो, शाळा असो की पतसंस्था, भेदभाव शिवी देऊन होत नाही. तो काम वाटताना होतो. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखो लोक जमतात. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या कार्यालया-कार्यालयांत कार्यक्रम होतो आणि वाटणी कशी होते? रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण, स्वागतगीत मॅडमकडे. प्रास्ताविक, खरेदी, हिशेब सरांकडे. ज्या माउलीनं राज्यकारभार सांभाळला तिच्या जयंतीला आपण बायकांच्या हाती तबक देतो, ही गंमत मला दरवर्षी नव्यानं वाटते. एक दिवसाची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर ती एक दिवसाची नसते. निरोपसमारंभ, बैठकीचा चहा, कोणाच्या घरी दुःख झालं तर वर्गणी, नव्या मुलीला काम शिकवणं, ही सगळी कामं गरजेची आहेत, पण गोपनीय अहवालात त्यांना रकाना नाही. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असंच दिसलं. बढतीला उपयोग नसलेलं काम स्त्रीपुरुषांच्या गटापुढे टाकलं की ते अंगावर घेणाऱ्यांत बायाच जास्त असतात, आणि साहेबही ते सांगतो तेव्हा बाईलाच सांगतो. गट फक्त पुरुषांचा असला की पुरुष ते काम मुकाट्यानं करतात. म्हणजे त्यांना येत नाही असं नाही.

यावर उपाय नकार नाही, पाळी आहे. 'मी करणार नाही' म्हणणारी बाई आखडू ठरते. 'मागच्या वर्षी मी केलं, या वर्षी कोणाची पाळी?' असं बैठकीत सर्वांसमोर म्हणणारीला उत्तर देणं अवघड जातं. फलकावर वर्षाची पाळीपत्रिका लागली की प्रश्न मिटतो. आणि त्याच बैठकीत दुसरी गोष्ट मागावी. लेखापरीक्षणाचं काम, निविदेची फाइल, जिल्ह्याच्या आढावा बैठकीतलं सादरीकरण, जे केल्यानं वरिष्ठांना आपलं नाव कळतं ते. अनेक साहेब चांगल्या मनानंच म्हणतात, 'मॅडम, तुम्हाला दौरा नको, उशीर होतो.' त्या काळजीचीच पुढे अडचण होते. दौरा नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून प्रभार नाही, आणि प्रभार नाही म्हणून बढतीच्या वेळी 'मॅडमनी फिल्ड केलेली नाही'. जायचं की नाही हे मला विचारा, माझ्या वतीनं ठरवू नका, एवढं एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं.

पगार आणि बढती मागावी कशी, यावर पुरुष मंडळी एक सल्ला फार हौसेनं देतात: 'बायका मागतच नाहीत, मागायला शिका.' अर्धवट सल्ला आहे. २००७ साली हॅना रायली बोल्स, बॅबकॉक आणि लेई लाय यांनी जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत जास्त पगार मागणाऱ्या बाईवर लोक पुरुषापेक्षा जास्त नाराज झाले. मागितलं नाही तर मिळत नाही आणि मागितलं तर तोंडाळ, अशी ही कात्री आहे. तिच्यातून निघायचा मार्ग पुन्हा मापाचा. 'मला वाटतं' असं न म्हणता 'वर्षभरात एवढी प्रकरणं निकाली, एवढी वसुली, अमुक कामाचा प्रभार इतके महिने' असं लिहून द्यायचं. त्यासाठी दर शनिवारी पाच मिनिटं वहीत नोंद हवी, कारण मार्चमध्ये जूनचं काम आठवत नाही. तोंडी सांगितलेल्या कामाची ईमेलनं किंवा टिपणीनं एक ओळ परत पाठवायची: आज सांगितल्याप्रमाणे हे काम मी हाती घेत आहे. भांडणाचा सूर न काढता नाव कागदावर येतं.

सरकारी नोकरीत असाल तर एक निकाल लक्षात ठेवा. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, नुसती वाईटच नव्हे, कर्मचाऱ्याला वेळेत कळवली पाहिजे. 'चांगला' शेरासुद्धा बढती अडवू शकतो, कारण शेजारच्याला 'अतिउत्कृष्ट' असतो. तो शेरा मागून घ्या, पटला नाही तर लेखी म्हणणं द्या. सेवाज्येष्ठता यादी लागली की आपलं नाव आणि तारीख तपासा, हरकतीची मुदत सोडू नका. खासगी ठिकाणी यातलं काही नसतं, तिथे वही आणि ईमेलच कामाला येतात.

तरीही सगळ्यात मोठी दरी नोंदींनी भरत नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या आकडेवारीतून दाखवलं की आज एकाच क्षेत्रात, एकाच शिक्षणानं लागलेल्या स्त्रीपुरुषांच्या कमाईत फरक पडतो तो मुख्यतः पहिल्या मुलानंतर. ज्या नोकऱ्या चोवीस तास हजर असणाऱ्यालाच भरभरून देतात, तिथे घरातल्या एकानं तरी मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकते ती बाई. आपल्याकडे याचं रूप म्हणजे संध्याकाळी सातला लावलेली बैठक. ती सकाळी अकराला का होत नाही, याचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

कायद्यांनी इथे मदत केली आहे, पण एक गाठही मारून ठेवली आहे. प्रसूती रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. खासगी क्षेत्रात ईएसआय विमा नसेल तर या रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो. म्हणून छोटा मालक मुलाखतीतच विचारतो, 'लग्न झालं का? मूल कधी?' असा प्रश्न उमेदवार मुलाला विचारतात का, हे बघा. महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती महिला कर्मचाऱ्यांना. पुरुषाला ती मिळते पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे बाई उभी आहे तोवर लेकरू तिचंच, असं शासन निर्णयानंच मान्य केलं. बापालाही रजा सक्तीची होत नाही तोवर नोकरी देणारा बाईकडे पाहून हिशेब मांडत राहणार. माझ्या मते पुढची लढाई बायकांच्या सवलती वाढवण्याची नाही, ही सवलत पुरुषांच्या गळ्यात बांधण्याची आहे.

घरातल्या वाटणीबद्दल बोलायला नोकरीवरच्या लेखात जागा कशाला, असं वाटेल. पण वरच्या जागेची परीक्षा द्यायची तर रात्री दोन तास मोकळे लागतात, आणि ते दोन तास कोणाच्या तरी भाकरीतून निघतात. सासूबाई, जाऊबाई आणि नवरा यांच्याशी हे आधी बोलून घेतलेलं बरं. नंतर त्यातून अबोला होतो.

कधीकधी असं होतं की एकटीनंच दार लोटावं लागतं. दुर्गा भागवतांच्या बहीण कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई आहे म्हणून त्यांनी नाकारलं. कमलाबाई हटल्या नाहीत, दारात बसल्या. मग वर्षभर परीक्षेवर, नियमित विद्यार्थी न मानता, आणि इतर संशोधकांचं लक्ष विचलित होणार नाही या अटीवर प्रवेश मिळाला. वर्षानं काम पाहून रामन यांनी तो पक्का केला आणि पुढे मुलींना तिथे दार उघडलं. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. घेतली. सातारच्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या, भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. यांचं कौतुक करताना एक भान हवं. ज्या अटी कमलाबाईंना घातल्या त्या त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाला नव्हत्या. दुप्पट काम करून सिद्ध करा, हा सल्ला धीराचा आहे, न्यायाचा नाही.

न्यायाची वाट बायकांनी कोर्टातही काढली. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांनी बढती नाकारल्यावर दावा केला, तेव्हा लग्नासाठी महिला अधिकाऱ्यानं सरकारची परवानगी घ्यावी असा नियम होता. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. पहिल्या गर्भारपणात हवाई सुंदरीला घरी पाठवणारा एअर इंडियाचा नियम १९८१ साली रद्द झाला. सैन्यात महिलांना कायम कमिशन देण्याचा निकाल २०२० चा. समान कामाला समान वेतन हे १९७६ पासून कायद्यात आहे, आणि आता ते वेतन संहितेत आलं आहे. 'सारखं काम' म्हणजे पदनाम सारखं असं नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असली की पुरे. एकाला 'सुपरवायझर' आणि दुसरीला 'सहायक' असं नाव देऊन तेच काम करून घेणाऱ्यांना हे वाक्य दाखवावं.

लाजेपायी किंवा भीतीपायी सर्वांत जास्त दडपलं जातं ते लैंगिक त्रासाचं प्रकरण. साहेब रात्री मेसेज पाठवतो, प्रतिसाद दिला नाही की बिल अडकतं किंवा बदलीची धमकी येते. अनेक बाया यावर नोकरीच सोडतात आणि लोक म्हणतात, 'बाईला झेपलं नाही.' राजस्थानात गावपातळीवर काम करणाऱ्या एका साथीणीवरच्या अत्याचारानंतर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सभासद महिला आणि एक जण बाहेरचा. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

आपल्या जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे. दुकानं, दवाखाने, छोट्या पतसंस्था, शिकवणी वर्ग आणि लोकांच्या घरची धुणीभांडी, इथे बहुतेक बाया राबतात, आणि तिथे दहा माणसं नसतात. त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तिथेच जायचं. तालुक्याला तक्रार घेणारा समन्वय अधिकारी असावा लागतो आणि त्यानं ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. बुलडाण्यापासून संग्रामपूर-जळगाव जामोदपर्यंत तेरा तालुके आहेत. आपल्या तालुक्यातला तो अधिकारी कोण, हे तहसील किंवा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन आजच विचारून घ्या आणि कामावरच्या मैत्रिणींना सांगून ठेवा. तक्रार लेखी द्यायची, लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची, आणि घटना घडल्यापासून मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर ती आणखी तीन महिने वाढवून मिळते.